थीम पार्क पुन्हा येणाऱ्या पाहुण्याला ओळखतं का? आणि ओळखलं तर देतं काय?

मे महिना लागला की कोपरगावातल्या बऱ्याच घरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. मुंबई-पुण्याहून बहीण, मेहुणे, भाचेमंडळी येतात. पहिल्या दिवशी शिर्डीला दर्शन. दुसऱ्या दिवशी पोरांचा एकच धोशा, वॉटर पार्क! शिर्डी इथून १५ किलोमीटरवर, गाडी काढली की अर्ध्या तासात गेटवर. तिकीट खिडकीशी कोपरगावचा यजमान पाकीट काढतो आणि सवयीने विचारतो, "दरवर्षी येतो हो आम्ही, काही कमी-जास्त होईल का?"

खिडकीमागच्या माणसाला खरंच माहीत असतं का, की हे कुटुंब दरवर्षी येतं? माहीत असेल तर त्याचा या कुटुंबाला काय फायदा? आणि 'आमचे जुने पाहुणे' म्हणून जो पास किंवा जे सभासदत्व गळ्यात मारलं जातं, ते घ्यावं की नाही?

जगभरातली थीम पार्कं आणि त्यांची रिसॉर्टं या प्रश्नांवर गेली ७० वर्षं डोकं चालवत आली आहेत. त्यातलं आपल्या कामाचं काय, ते आज बघू.

आधी थोडक्यात

पाहुण्याला 'ओळखणं' आणि पाहुण्याला 'मोल देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखणं आता स्वस्त झालंय, मोबाईल नंबर टाकला की झालं. मोल देणं मात्र महागात पडतं. त्यासाठी पार्कला स्वतःकडचं काहीतरी सोडावं लागतं. पैसे, वेळ, जागा किंवा हट्ट. स्क्रीनवर तुमचं नाव झळकलं म्हणजे तुम्हाला काही मिळालं असं नाही. बदल्यात पार्कने काय सोडलं, ते बघायचं.

कोपरगावला हा विषय नवा नाही

शिर्डीला पुन्हा पुन्हा येणारी माणसं कोपरगावने शंभराहून जास्त वर्षं पाहिली आहेत. साईनगर शिर्डी हे रेल्वे स्टेशन २००९ मध्ये सुरू झालं. त्याआधी रेल्वेने येणारे बहुतेक साईभक्त दौंड-मनमाड मार्गावरच्या कोपरगाव स्टेशनवर उतरायचे आणि तिथून टांगा, जीप, एसटी अशा मिळेल त्या वाहनाने पुढे जायचे. आज ज्याला शिर्डी विमानतळ म्हणतात तोही कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि विदर्भातून गाडीने येणाऱ्यांची भर पडली.

पुन्हा येणाऱ्या पाहुण्याची सोय कशी करायची, हा प्रश्न साईबाबांच्या हयातीतच उभा राहिला होता. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित १९०९ मध्ये पहिल्यांदा शिर्डीला आले. मग येतच राहिले. १९१०-११ मध्ये त्यांनी तिथे वाडा बांधला. तोच दीक्षित वाडा. स्वतःसोबत इतर भक्तांच्याही मुक्कामाची त्याने सोय झाली. एकदा येणारा माणूस कसाही वेळ मारून नेतो, पण जो दरवर्षी येणार आहे त्याला पाठ टेकायला हक्काची जागा लागते. हॉटेलवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर नेहमीच्या पाहुण्याची पहिली गरज.

ओळख ठेवण्याची आपली जुनी पद्धत

कोपरगावच्या गोदावरीला धरून वर नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तिथे याहून जुनी व्यवस्था सापडते. तिथले तीर्थोपाध्ये तुम्हाला आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. तेवढ्यावर ते आपली वही शोधून काढतात आणि तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात. कधी त्यांची सहीसुद्धा असते. मग तुमची, मुलाबाळांची नावं त्याच वहीत लिहून घेतात. पुढच्या पिढीतलं कोणी आलं तर त्याला तुमचं नाव वाचून दाखवतील.

यात तीन बारकावे आहेत. एक, नोंद व्यक्तीची नसते, कुटुंबाची असते. दोन, ती वही तुमच्यासमोर उघडली जाते, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला दिसतं. तीन, गाव आणि कूळ यांवरून यजमान कोणत्या उपाध्यांचे हे ठरलेलं असतं, त्यामुळे त्या नात्यात दोन्ही बाजूंना बांधिलकी असते. आजच्या संगणकातल्या नोंदीत यातलं काय उरलं आणि काय हरवलं, ते पुढे बघू.

पार्क तुम्हाला ओळखतं कसं?

प्रामुख्याने चार वाटांनी.

मोबाईल नंबर. ऑनलाइन तिकीट काढताना किंवा खिडकीवर तुम्ही जो नंबर देता, तीच तुमची ओळख. किती वेळा आलात, कोणत्या वारी, किती जण होतात, हे त्या नंबरला चिकटतं.

हॉटेलची नोंद. रिसॉर्टमध्ये मुक्काम केला की ओळखपत्र द्यावंच लागतं. हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाचं पान तयार होतं. त्यात मुक्कामाच्या तारखा असतात आणि नेटकं हॉटेल असेल तर 'खालच्या मजल्यावरची खोली हवी', 'जेवण बिनकांदा-लसणाचं' अशा टिपणंही असतात. पुढच्या वेळी बुकिंग आलं की स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याला 'पूर्वी आलेले पाहुणे' अशी खूण दिसते.

पास. वार्षिक पासावर फोटो असतो. म्हणजे गेटवर प्रत्येक वेळी तुमची हजेरी लागते.

मनगटी पट्टा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये 'मॅजिकबँड' नावाचा पट्टा आणला. त्यात रेडिओ लहरींवर चालणारी चिप होती. खोलीचं दार उघडायला, पार्कात शिरायला, खरेदीचे पैसे चुकते करायला तो एकच पट्टा पुरायचा. या पट्ट्यासह उभारलेल्या एकूण यंत्रणेवर कंपनीने सुमारे एक अब्ज डॉलर खर्च केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपल्याकडे वॉटर पार्कात लॉकरसाठी किंवा खाण्यापिण्याच्या पैशांसाठी हातात बांधतात तो पट्टा याच जातीचा, फक्त कामं कमी करतो.

मग दरवर्षी जाऊनही आपल्याला कोणी का ओळखत नाही?

कारण संगणक कुटुंबाला ओळखत नाही, नंबरला ओळखतो. पहिल्या वर्षी बुकिंग वडिलांच्या नंबरवर, दुसऱ्या वर्षी मुलीच्या, तिसऱ्या वर्षी मेहुण्याने एखाद्या प्रवास-वेबसाइटवरून ऑफर बघून केलं. तुमच्या हिशेबी ही तिसरी खेप. पार्कच्या नोंदीत मात्र तीन नवे पाहुणे. उपाध्यांच्या वहीत जी गोष्ट आडनाव आणि गाव सांगून जमते, ती इथे जमत नाही.

त्रयस्थ वेबसाइटवरून खोली घेतली की आणखी एक अडचण येते. अनेकदा हॉटेलला तुमचा खरा ईमेल मिळत नाही, आणि हॉटेलला त्या वेबसाइटला दलाली द्यावी लागते ती वेगळीच. म्हणून थेट बुकिंग करणाऱ्या जुन्या पाहुण्याला हॉटेल सहसा जास्त सढळ हाताने वागवतं. दलालीचे वाचलेले पैसे त्याला देण्यात हॉटेलचं काही जात नाही.

म्हणून दरवेळी कुटुंबातला एकच नंबर द्या. वेबसाइटवरचा दर बघून घ्या आणि मग थेट रिसॉर्टला फोन करून विचारा, "आम्ही अमुक साली येऊन गेलोय, नोंद सापडते का? हाच दर थेट देता का?" हा एक फोन पुष्कळदा कामाला येतो.

ओळखल्यावर देतात काय?

बक्षिसांची नावं कितीही भारी असली, तरी ती चारच खणांत बसतात.

पैसा. पास, पुढच्या खेपेची सवलत, खाण्यावर टक्केवारी. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा खण.

वेळ. रांगेत कमी थांबणं, गेट उघडण्याआधी प्रवेश. डिस्ने वर्ल्डमध्ये कंपनीच्या हॉटेलांत उतरलेल्यांना पार्कात ३० मिनिटं आधी सोडतात. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये ठरावीक महागड्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना झटपट रांगेचा पास खोलीच्या भाड्यातच मिळतो. मात्र हे दोन्ही फायदे मुक्कामाच्या पाहुण्याला आहेत, मग तो पहिल्यांदा आलेला का असेना. जुनेपणाशी त्यांचा संबंध नाही. जाहिरातीत या गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून हे ध्यानात असू द्यावं.

जागा. चांगली खोली, लवकर ताबा, उशिरा खोली सोडणं. खोली नाहीतरी रिकामीच असेल तर रिसॉर्टला हे जवळपास फुकट पडतं. पाहुण्याला मात्र चार तास जास्त मिळतात. त्यामुळे मागून बघण्यासारखी ही पहिली गोष्ट.

मान. नावाने हाक, मुलाच्या वाढदिवसाला केक, 'या, पुन्हा आलात!' असं म्हणणारा ओळखीचा चेहरा. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये तर १९६७ पासून 'क्लब ३३' नावाचा खासगी क्लब आहे. त्याचं सभासदत्व प्रचंड महाग आहे आणि ते आमंत्रणाने मिळतं. म्हणजे तिथे मानही विकत मिळतो!

ही सगळी गुणांकनाची पद्धत थीम पार्कांनी शोधलेली नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी योजना आणली, मग मोठ्या हॉटेल साखळ्यांनी ती उचलली. जितक्या रात्री राहाल तितकी तुमची पायरी वर. खोपोलीजवळ इमॅजिका पार्कला लागून २०१५ मध्ये नोव्होटेल हे हॉटेल सुरू झालं, तेव्हा तिथे राहणाऱ्याची ओळख एका जागतिक हॉटेल साखळीच्या सभासद योजनेत मोजली जाऊ लागली. अशा योजनेत कामानिमित्त महिन्यातून चार रात्री हॉटेलात झोपणारा माणूस पटापट वर चढतो. वर्षातून एकदा मुलांना घेऊन येणारं कुटुंब दहा वर्षं आलं तरी खालच्याच पायरीवर राहतं. निष्ठा कोणाची जास्त, ते तुम्हीच ठरवा.

वार्षिक पास: दोन्ही बाजूंचं गणित

समजा एका वॉटर पार्कचं तिकीट १,००० रुपये आणि वार्षिक पास २,५०० रुपये आहे. (हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेत. खरे दर ठिकाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात.) चौघांच्या कुटुंबाला पासाचे १०,००० लागतील. दोन खेपा केल्या तर तिकिटांचे ८,००० झाले असते, म्हणजे पास तोट्यात. तिसऱ्या खेपेला तिकिटांचे १२,००० झाले असते, म्हणजे पास २,००० रुपयांनी फायद्यात.

कोपरगावच्या कुटुंबाला शिर्डीत तीन खेपा सहज होतील. पुण्याच्या कुटुंबाला होणार नाहीत. खोपोलीच्या पार्कचा पास मात्र कोपरगावकरांनी दहा वेळा विचार करून घ्यावा, कारण एका दिवसात निवांत जाऊन येण्यासारखं ते अंतर नाही. पासाचा हिशेब आधी अंतरावरून करायचा, सवलतीवरून नंतर.

आता पार्कच्या बाजूने बघू. आत ५०० माणसं असोत की ३,०००, पंप चालवावेच लागतात, जीवरक्षक उभे करावेच लागतात, पाळणा रिकामा फिरला तरी वीज जवळपास तेवढीच लागते. त्यामुळे मंगळवारी दुपारी आलेला पासधारक पार्कला जड नसतो. तो वडापाव खातो, आइस्क्रीम घेतो, लॉकर भाड्याने घेतो. माणशी ३०० रुपये धरले तर चौघांचे १,२०० रुपये दर खेपेला. शिवाय तो एकटा येत नाही. मे महिन्यात घरी आलेल्या बहिणीच्या कुटुंबाला तोच घेऊन येतो, आणि ती मंडळी पूर्ण तिकीट काढतात. कोपरगावसारख्या गावातला पासधारक हा पार्कचा बिनपगारी प्रचारकच म्हणायचा.

पण तोच पासधारक २५ डिसेंबरला किंवा मेच्या रविवारी आला तर पार्कला खुपतो, कारण त्या दिवशी त्याच्या जागी पूर्ण तिकीटवाला आत आला असता. म्हणून बऱ्याच पासांना 'ब्लॉकआउट' तारखा असतात, म्हणजे त्या दिवशी पास चालत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी आपल्याला सुट्टी असते.

निष्ठावंत पाहुणे कोर्टात गेले, ती गोष्ट

पार्क आणि पासधारक यांच्यातली ही ओढाताण सगळ्यात उघडपणे दिसली ती कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये. १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या या पार्कच्या आसपास राहणारी हजारो कुटुंबं वार्षिक पास काढायची. ऑफिस सुटल्यावर दोन तास चक्कर मारून यावी, अशी त्यांची सवय.

कोरोनाच्या काळात पार्क बंद होतं. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ही पास योजनाच गुंडाळली आणि ऑगस्टमध्ये 'मॅजिक की' नावाने नवी आणली. त्यातला सर्वात महागडा 'ड्रीम की' पास १,३९९ डॉलरचा होता आणि त्याला एकही ब्लॉकआउट तारीख नाही, असं सांगितलं होतं. मात्र येण्याआधी तारीख आरक्षित करणं सक्तीचं होतं. लोक आरक्षण करायला गेले तर पासधारकांचा कोटा संपलेला, पण त्याच दिवसाचं साधं तिकीट विकत मिळत होतं!

एका पासधारकाने दावा लावला आणि तो सगळ्या ड्रीम की धारकांच्या वतीने चालला. २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. धारक लाखाहून जास्त होते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला शंभर डॉलरही आले नाहीत.

मधल्या काळात, २०२२ मध्ये, कंपनीच्या तिमाही निकालात डिस्नेलँडच्या गर्दीची सरमिसळ 'प्रतिकूल' असल्याचा उल्लेख आला. पासधारकांनी तो स्वतःवर घेतला. तिकीटवाल्यांच्या मानाने आपण नकोसे आहोत, असा त्यांनी अर्थ लावला आणि 'प्रतिकूल' हाच शब्द छापलेले टी-शर्ट घालून काही जण पार्कात फिरले. कंपनीच्या हिशेबात तो एक तांत्रिक शब्द होता. वीस-वीस वर्षं येणाऱ्या माणसांना मात्र तो लागला.

इथे पार्क आपल्या पाहुण्यांना ओळखत नव्हतं असं नाही. कोण किती वेळा येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांचा कोटा वेगळा काढता आला. ओळख होती, पण ती पाहुण्याच्या विरोधात वापरली गेली, अशी त्या लोकांची भावना झाली.

२५ वर्षांचा पाहुणा: रिसॉर्टचं सभासदत्व

पासाच्या पुढची पायरी म्हणजे सभासदत्व. आज एकरकमी किंवा हप्त्याने पैसे भरा आणि पुढची कित्येक वर्षं ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहा. डिस्नेने १९९१ मध्ये 'डिस्ने व्हेकेशन क्लब' काढला, त्यात पाहुणा दरवर्षी वापरायचे गुण विकत घेतो. आपल्याकडे १९९६ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा हॉलिडेजच्या 'क्लब महिंद्रा'मुळे २५ वर्षांचं सभासदत्व मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचं झालं. त्यात हंगामाप्रमाणे रंगांचे गट असतात. गर्दीच्या हंगामाचा रंग महाग, रिकाम्या हंगामाचा स्वस्त.

या व्यवस्थेत कोणी पाहुणा पुन्हा येईल का, ही चिंता कंपनीला उरत नाही. पैसे आधीच आलेले असतात. मग चिंता सभासदाकडे सरकते. हव्या त्या आठवड्यात खोली मिळेल का? वार्षिक देखभाल शुल्क किती वाढेल? २५ वर्षांत मुलं मोठी होऊन परदेशी गेली तर? जे कुटुंब वेळापत्रक आखून, सहा-आठ महिने आधी बुकिंग करून फिरतं, त्याला हे परवडतं. ज्यांच्या सुट्ट्या ऐनवेळी ठरतात, शेतीच्या कामावर किंवा दुकानाच्या सीझनवर अवलंबून असतात, त्यांचे दिवस वाया जाण्याची शक्यता जास्त.

शिर्डीचं गणित थोडं वेगळं

आता परत आपल्या भागात येऊ. शिर्डीत वेट एन जॉय वॉटर पार्क आणि साई तीर्थ थीम पार्क आहे. साई तीर्थमध्ये भारतातल्या तीर्थस्थानांची सफर घडवणारी राइड, 'लंका दहन'चा फाइव्ह-डी खेळ, आणि हलत्या-बोलत्या पुतळ्याच्या रूपातले साईबाबा असलेला द्वारकामाईचा कार्यक्रम दाखवतात. ही पार्कं संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभी केली. याच समूहाने २०२२ मध्ये खोपोलीच्या इमॅजिकाची सूत्रं हाती घेतली. २०१३ मध्ये सुरू झालेलं ते पार्क कर्जाच्या ओझ्याखाली आलं होतं. पुढे शिर्डी आणि लोणावळ्याची पार्कंही इमॅजिका चालवणाऱ्या कंपनीखाली आणली गेली. म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या समूहाकडे आज राज्यातली काही मोठी पार्कं आहेत.

खोपोलीला माणूस जातो तो पार्कसाठीच. तिथे एकदा रोलर कोस्टरमध्ये बसून झालं की 'आता पुन्हा कशाला?' हा प्रश्न येतो, आणि पार्कला दर काही वर्षांनी नवं काहीतरी उभारावं लागतं. शिर्डीला माणूस पुन्हा येतो तो बाबांसाठी. पाहुणा परत आणण्याचं अवघड काम समाधी मंदिराने आधीच केलेलं असतं. पार्कला फक्त त्या दोन दिवसांतले चार तास मिळवायचे असतात.

म्हणून शिर्डीत जुन्या पाहुण्याला काय उपयोगी पडेल, याचं उत्तर डिस्नेपेक्षा वेगळं आहे. पहाटे काकड आरतीला उठलेल्या आजींना दुपारी सावलीत बसायला जागा, दर्शनाच्या रांगेत वेळ गेला तर त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी प्रवेश, पाण्यात न उतरणाऱ्या आजी-आजोबांना कमी दर. वर्षानुवर्षं येणाऱ्या कुटुंबाला १० टक्के सवलतीपेक्षा यातली एखादी गोष्ट जास्त लक्षात राहील. तुम्ही जाल त्या पार्कात यातलं काय आहे, ते तिकीट काढण्याआधी विचारा. नसेल तर अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहा. मागणी आल्याशिवाय कोणी देत नाही.

खरी परीक्षा कधी होते?

सगळं सुरळीत असताना कोणीही गोड बोलतं. पाहुण्याचं मोल कळतं ते गडबड झाल्यावर. मुख्य राइड बंद पडली, खोलीतला एसी चालेना, मुलाला ताप आल्यामुळे तारीख बदलायची आहे. अशा वेळी समोरचा कर्मचारी "सिस्टीममध्ये होत नाही" म्हणतो, की स्वतःच्या अधिकारात काही करून देतो?

यात त्या कर्मचाऱ्याचा स्वभाव थोडा आणि कंपनीचा नियम जास्त असतो. खालच्या माणसाला हजार-दोन हजार रुपयांपर्यंतचा निर्णय घ्यायची मुभा असेल, तरच ओळखीचा उपयोग होतो. ती नसेल तर स्क्रीनवर 'बारावी भेट' दिसूनही तो बिचारा हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नाही. आणि दर हंगामात कर्मचारी बदलत असतील, तर चेहऱ्याने ओळखणारं कोणी उरतच नाही.

पास किंवा सभासदत्व घेण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. कोणत्या तारखांना चालणार नाही? यादी लेखी द्या.
२. आधी आरक्षण करावं लागतं का? पासधारकांचा कोटा वेगळा आहे का?
३. वर्ष खरेदीच्या दिवसापासून मोजणार की पहिल्या भेटीपासून?
४. पावसाळ्यात किंवा दुरुस्तीसाठी पार्क बंद राहिलं तर मुदत वाढते का?
५. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पार्कात चालतो का?
६. नाव बदलता येतं का? मुलगी सासरी गेली तर तिचा पास धाकट्याला मिळेल का?
७. रद्द केल्यास पैसे किती दिवसांत आणि किती कापून मिळतात?

तोंडी आश्वासन मिळालं तर तिथेच व्हॉट्सॲपवर लिहून मागा. "आत्ता घेतलं तरच हा दर" असं कोणी म्हणालं, तर घरी जाऊन एक रात्र विचार करा. बहुतेक वेळा तोच दर दुसऱ्या दिवशीही मिळतो.

आणि फसवणूक झालीच तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ इथे कामाला येतो. या कायद्याने एक महत्त्वाची सोय केली. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे रिसॉर्ट रायगड जिल्ह्यात असलं तरी कोपरगावच्या माणसाला अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

दुसरा मुद्दा तुमच्या माहितीचा. उपाध्यांची वही तुमच्यासमोर उघडते. पार्कच्या संगणकातलं तुमचं पान तुम्हाला दिसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यानुसार तुमची माहिती कशासाठी घेतली हे सांगावं लागतं, दिलेली संमती परत घेता येते आणि माहिती पुसून टाकायला सांगता येतं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. तिकिटासाठी एक मोबाईल नंबर पुरतो. मुलांच्या जन्मतारखा आणि लग्नाचा वाढदिवस फॉर्ममध्ये मागितला असेल, तर तो रकाना रिकामा सोडायला हरकत नाही. केक आपल्याला घरीही कापता येतो.

तर मग खिडकीवर काय म्हणायचं?

"दरवर्षी येतो हो आम्ही" हे वाक्य सोडू नका, पण त्याच्या पुढे थोडं नेमकं बोला. "या नंबरवर आमच्या आधीच्या भेटी दिसतील. आज आठ जण आहोत, दोघं ज्येष्ठ नागरिक आहेत, ते पाण्यात उतरणार नाहीत. त्यांच्या तिकिटाचं काय करता येईल?" नुसत्या विनंतीला नाही म्हणणं सोपं असतं, नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

उत्तर काय येतं, ते लक्षात ठेवा. पार्क तुमच्या भेटींची नोंद ठेवतं, तशी तुम्हीही त्याची ठेवा. पुढच्या मे महिन्यात भाचेमंडळी आली की गाडी कुठे वळवायची, हे त्यावरून ठरवता येईल.